पिलाच्या वजनाचे गहू

गिनीपिग म्हणजे उंदीर नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण यावरून आमच्या गल्लीत लई वाद झाला. उंदराला शेपूट असते, याला नसते. उंदीर चोरून खातो, हे समोर बसून मागून खातं, आणि द्यायला उशीर झाला तर शिट्टी मारतं. कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा नुसता आवाज झाला की आमच्या मधल्या खोलीतून कुईक कुईक सुरू व्हायचं. समोरच्या घरातली चाची, जिच्या दोन शेळ्या आमच्या ओट्यावर बसायच्या, ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "क्या जी आबा, इत्ती उमर में चूहे पाले क्या?"

मी म्हणालो, "चूहे नाय, गिनीपिग हैत."

"नाम बडा है," ती म्हणाली. "है तो चूहाच."

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी रांगत होतो, असं आई सांगायची. शेर जाऊन किलो आले तेव्हा मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बापाच्या हाताखाली पोत्यांची तोंडं धरत होतो. पुढं मापाडी झालो. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून त्याचं वजन पुकारणारा माणूस. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला अडत्या, मधे मी. दोघांनाही वाटायचं, यानं आपल्या बाजूनं झुकावं. मी झुकलो नाही. मोंढा शहरातून जाधववाडीला गेला, लोखंडी काट्याच्या जागी आकडे दाखवणारी यंत्रं आली, पण माझा काटा खोटा आहे असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. कुणाला बढाई वाटली तर वाटू द्या.

तर ही गिनीपिगं माझ्या नातीची. माझा मुलगा वाळूजला कंपनीत, राहायला बजाजनगरला. त्यानं पोरीच्या वाढदिवसाला दुकानातून जोडी आणली. दुकानदार म्हणाला, दोन्ही माद्या आहेत. काही दिवसांनी एक मादी फुगायला लागली तेव्हा कळलं की दुकानदाराला काही कळत नाही. इकडं घरमालकानं कुरकुर सुरू केली, की वास येतो, बाकीचे भाडेकरू तक्रार करतात. मग एका रविवारी मुलगा पिंजरा रिक्षात घालून आमच्याकडं आला. नात मागं बसून पिंजऱ्याला कवटाळून रडत होती.

"आबा, थोडे दिवस ठेवा," मुलगा म्हणाला. "नाहीतर दुकानात परत देऊन येतो."

नातीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "ठिवा."

माझ्या बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर येऊन पिंजऱ्यात डोकावली आणि म्हणाली, "अगं बया, ही तर पोटुशी हाय. हिला कुठं परत देता?" आणि पिंजरा उचलून आत घेऊन गेली. मला विचारलं नाही. तिचं असंच असतं.

श्रावण लागला आणि मादी व्याली. तीन पिलं. मी बकरीची, म्हशीची, मांजराची पिलं पाहिलीत, पण असलं नवल नाही पाहिलं. डोळे उघडे, अंगावर केस, दातसुद्धा आलेले. दुसऱ्या दिवशी आईच्या मागं मागं पळत गवताची काडी चावायला लागली. दोन चांगली गुटगुटीत होती. तिसरं जणू उरलेल्या मातीचं केलं होतं. तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा, आणि बाकीच्यांच्या निम्मं.

नात त्या दिवशी मुलाच्या फटफटीवर बसून आली. आम्ही तिघं मिळून पिलं आणि आई सिडकोकडं एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिघं म्हणजे मुलगा, नात आणि मी. बाईंनी एकेकाला यंत्रावर ठेवलं, वजन लिहून घेतलं, नराला वेगळ्या खोक्यात ठेवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "यांच्या आईला सडं दोनच असतात आणि पिलं तीन आहेत. या धाकटीवर लक्ष ठेवा. हे जनावर आजार दाखवत नाही. शिकार होणाऱ्या जनावराला ते परवडत नाही. तुम्हाला दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणून रोज सकाळी, खाणं टाकायच्या आधी, वजन करा. वजन सगळ्यात आधी बोलतं."

हे वाक्य मला लई आवडलं. वजन सगळ्यात आधी बोलतं. चाळीस वर्षं मी हेच करत होतो, पण मला असं म्हणता आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या."

"गरज नाय," मी म्हणालो. "मी मापाडी हाय."

परत जाताना नातीनं माझं बोट धरून सांगितलं, "आबा, मोठ्या दोघांचं मला काही वाटत नाही. धाकटीला सांभाळा. मी दर रविवारी येऊन विचारणार." मी शब्द दिला. पोरीला दिलेला शब्द मोंढ्यात दिलेल्या शब्दापेक्षा जड असतो, कारण पोरगी विसरत नाही.

घरात माझ्या बापाची पितळी तागडी होती. तो बाजारात मिरच्या विकायचा तेव्हाची. ती मी चिंचेनं घासून लख्ख केली, मधल्या दाराच्या चौकटीला खिळा ठोकून टांगली. पिलू पळू नये म्हणून एका पारड्यात स्टीलचा छोटा डबा, आणि त्याचं बारदान, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, फिटावं म्हणून दुसऱ्या पारड्यात तसाच दुसरा डबा. दांडी एकदम सरळ. मग वजनं काढली. पन्नास ग्रॅमचं लोखंडी वजन उचललं आणि बायकोनं माझं मनगट धरलं.

"तान्ह्या जिवासमोर लोखंड?"

"मग काय ठिवू?"

"आपल्यात लेकरू तोलतात तर गुळानं तोलतात, धान्यानं तोलतात. लोखंडानं भंगार तोलतात."

"अगं ते नवसाचं असतं. हे डॉक्टरचं हाय."

"डॉक्टरला काय म्हाईत? दृष्ट लागंल."

मी हट्टी आहे, हे सगळे म्हणतात. पण माझी बायको हट्टी आहे हे कुणी म्हणत नाही, कारण ती आवाज चढवत नाही. तिनं जुन्या धोतराच्या तीन पिशव्या शिवल्या. दोन मोठ्या पिलांच्या पिशव्यांत घरातले लोकवन गहू घातले. ते मीच मोंढ्यातून निवडून आणलेले होते. धाकटीच्या पिशवीत मात्र तिनं वेगळे गहू घातले. गेल्या नवरात्रात तिनं हर्सूलच्या देवीची ओटी भरली होती, त्यातले परत मिळालेले गहू तिनं दळायला न देता देवघरात पुरचुंडीत बांधून ठेवले होते. घरात कुणी आजारी पडलं की ती त्यातले चार दाणे उशाला ठेवायची.

"हिला देवीचेच पायजेत," ती म्हणाली. "हिला त्यांचीच गरज हाय."

आता आमची पद्धत अशी ठरली. एका डब्यात पिलू, समोरच्या डब्यात त्याची पिशवी. दांडी मी धरायची, कारण दांडी धरायचा अधिकार माझा. पिलाचं पारडं खाली गेलं, म्हणजे पिलू वाढलं, की बायको पिशवीत चार दाणे टाकायची, दांडी सरळ होईपर्यंत. आकडा नको, वाचणं नको. पिशवी फुगत गेली की पिलू वाढतंय. मला पद्धत पटली. उलट मला वाटलं, ही आमच्या मोंढ्यातल्यांना आधी कशी सुचली नाही.

मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. 'बरकत' म्हणतात. पहिलं माप पुकारायचं ते बरकत, मग दोन, मग तीन. मी पिलांनाही तसंच पुकारायला लागलो. जे पहिलं तोललं ते बरकत, मग दोन, मग तीन. पहिल्या दिवशी मी मोठ्या पिलाला आधी उचललं. बायकोनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि धाकटी पुढं केली.

"बरकत हिला म्हणा."

तेव्हापासून धाकटीचं नाव बरकत पडलं.

रोज सकाळी हा कार्यक्रम. चाची तांब्या घेऊन दारात उभी राहायची. "आओ, मोंढा लग गया," म्हणायची. "आज चूहे का क्या भाव?" मी लक्ष द्यायचो नाही. पारडं स्थिर होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, ही माझी जुनी सवय. बायको बरकतला तळहातावर घेऊन डब्यात ठेवायची, तोंडानं काहीतरी पुटपुटायची. दांडी हलायची, थांबायची, आणि बरकतच्या बाजूनं थोडी खाली जायची. "टाक," मी म्हणायचो. बायको पुरचुंडीतले दाणे टाकायची. पावसाळा होता, पुरचुंडीत एखादा सोंड्या किडा दिसायचा. ती चिमटीनं तो बाजूला करायची. पावसाळ्यात कुणाच्या घरात नसतात?

बरकतची पिशवी भरत चालली. दोघांच्या पिशव्याही भरत चालल्या. रविवारी नात आली की आधी पिशव्या हातात घेऊन चाचपायची. "आबा, हिची पण जाड झाली!" म्हणायची. मी मिशीला हात लावायचो.

पण खरं सांगायचं तर बरकत हाताला जाड लागत नव्हती. बायको म्हणायची, "केस लई हायेत हिला, म्हणून कळत नाय." बाकीची दोघं गवताच्या ढिगातून उड्या मारायची, आईच्या दोन्ही सडांना दोन बाजूंनी लागायची. बरकत मागं उभी राहून वाट पाहायची. मग दमून विटेच्या आडोशाला बसायची. मी पाहायचो, पण काटा सांगत होता वाढतंय. आणि मी काट्याचं ऐकतो, डोळ्यांचं नाही. डोळा लोभी असतो.

बाईंनी सांगितलेली वेळ आली. पिलांतले नर वेगळे काढायचे होते, म्हणून पिलांना दाखवायला आणा म्हणाल्या होत्या. मुलाला सुट्टी नव्हती. मी म्हणालो, मी जातो. भाकरीच्या दुरडीत फडकं घातलं, पिलं ठेवली, वरून दुसरं फडकं बांधलं. आणि तिन्ही पिशव्याही कोटाच्या खिशांत घातल्या. बाईंना दाखवायच्या होत्या, की बघा, मापाड्यानं कसं केलंय.

रिक्षावाला म्हणाला, "काका, कोंबडीची पिल्लं का?" मी दुरडी मांडीवर घट्ट धरली.

बाईंनी दोन्ही मोठी पिलं यंत्रावर ठेवली. "छान," म्हणाल्या. "मस्त वाढलीत." मग बरकतला ठेवलं. आकडा पाहिला, तिला उचललं, यंत्र शून्यावर आणलं, परत ठेवलं. पहिल्या दिवशीचा आकडा काढून पाहिला.

"आजोबा, ही वाढलेली नाही. जन्माला आली तेव्हा होती त्याच्या जरा वर. बस. तुम्ही रोज वजन करत होता ना?"

"रोज," मी म्हणालो. "तुमचं यंत्र बिघडलंय."

"आजोबा..."

"सेल गेला आसंल. आमच्याकडं जाधववाडीला पण असंच व्हायचं. सेल गेला की यंत्र काहीबी दाखवतं."

बाई रागावल्या नाहीत. औषधाची सीलबंद बाटली घेतली, तिच्यावरचं वजन मला दाखवलं, यंत्रावर ठेवली. बरोबर तेवढंच. मग मी खिशातून पिशव्या काढून टेबलावर मांडल्या. बरकतची पिशवी यंत्रावर ठेवा म्हणालो. त्यांनी ठेवली. आकडा तोच, जो बरकतचा होता. ग्रॅमचा फरक नाही.

म्हणजे माझी तागडी खरी होती. यंत्रही खरं होतं. मी दोन पिशव्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. बरकतची पिशवी मोठ्याच्या पिशवीएवढीच फुगलेली. आणि वजनाला जेमतेम चौथा हिस्सा.

असं फक्त एकाच कारणानं होतं, आणि ते मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल? मी पिशवी दोन बोटांत दाबली. दाण्याचा कडकपणा नव्हता. आत कुरकुर झाली आणि कापडातून पांढरी भुकटी बाहेर आली. गाठ सोडली. सोंडे किडे चारी बाजूंनी टेबलावर पळाले. गव्हाची नुसती टरफलं राहिली होती, प्रत्येकाला एक भोक, आत पोकळ. किडे आतून गहू खात होते, पिशवी हलकी होत होती, पारडं वर जात होतं, आणि आम्ही समजत होतो बरकत वाढतीय. रोज चार दाणे टाकत होतो. तेही पुरचुंडीतले, तेही पोकळ. टरफलांवर हळद अजून दिसत होती.

बाईंनी टेबल पुसायला कापूस घेतला. हसल्या नाहीत. मी त्यांचे त्याबद्दल उपकार मानतो.

"जगंल का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. उशीर झालाय, पण अजून उभी आहे, खायला तोंड हलवतेय." मग त्यांनी सगळं सांगितलं. दिवसातून काही वेळा मोठ्या पिलांना बाजूला काढायचं आणि बरकतला एकटीला आईजवळ सोडायचं, म्हणजे सड मोकळं मिळेल. वरून एक भुकटी पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजनं ओठाच्या कडेनं थेंब थेंब द्यायची, घाई करायची नाही, नाहीतर ठसका लागून जीव जातो. आईला आवळा, पेरू, ढोबळी मिरची. आणि वजन. "पण लोखंडानं करा," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आलो. दवाखान्याच्या कोपऱ्यावर चिमण्या होत्या, त्यांच्यापुढं पिशवी झाडली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. घरी जाऊन काय सांगू? तुझ्या देवीच्या गव्हानं हिला मारायला घेतलं, हे बायकोला कसं सांगू? तिनं जे सगळ्यात चांगलं होतं ते सगळ्यात दुबळ्या पिलाला दिलं होतं. पिलू मेलं असतं तर ती ते गहू आठवत बसली असती, जन्मभर.

किराणा दुकान दिसलं. मी तिथं मूठभर गहू घेतले, दुकानदाराच्या काट्यावर बरकतच्या वजनाएवढे तोलले आणि पिशवीत भरून गाठ मारली. पिशवी आता एवढीशी झाली.

घरी आलो. बायको दारातच होती. "काय म्हणाल्या?"

मी दुरडी खाली ठेवली आणि म्हणालो, "माझा काटा चुकला."

"काय?"

"दांडी खिळ्याला घासत व्हती. वजन जास्त दाखवत व्हती. बरकत वाढली नाय."

 मोंढ्यात कुणी असं बोललं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. हे शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा माझ्या कानांना ते परक्याचे वाटले. समोर चाची शेळीला पाला घालत होती, तिनं ऐकलं. तिनं ऐकलं म्हणजे गल्लीनं ऐकलं.

"या अल्ला," चाची म्हणाली, "मापाडी का काटा खोटा निकला!"

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चहाच्या हॉटेलात जुने हमाल बसतात, त्यांच्यापर्यंत बातमी पोचली. एकजण म्हणाला, "आबा, माझ्या बापाचा कापूस तुम्हीच मोजला होता, आता परत मोजायचा का?" सगळे हसले. मी चहा तसाच ठेवून उठलो. आयुष्यभर मी एका शब्दावर उभा होतो आणि तो शब्द मीच स्वतःच्या हातानं खाली टाकला होता. उचलायचा म्हटलं तरी उचलता येत नव्हता.

पण घरात या सगळ्याला वेळ नव्हता. बायकोनं बरकतला पदरात घेतलं की मी सिरिंज भरून द्यायचो. ओठाच्या कडेनं एक थेंब. बरकत तोंड फिरवायची. बायको म्हणायची, "घे गं माय, एवढं घे, मग तुला त्रास देत नाय." एक थेंब आत, दोन थेंब बायकोच्या लुगड्यावर. मग मी दोघा मोठ्यांना उचलून खोक्यात टाकायचो. ती आकांत करायची, सगळं घर शिट्ट्यांनी भरायचं. आई पिंजऱ्यातून कान टवकारायची, आणि बरकत हळूच तिच्या पोटाखाली जायची. ती चोखायला लागली की आम्ही दोघं श्वास धरून बसायचो.

वजन रोज. लोखंडानं. बायकोनं आता हरकत घेतली नाही, फक्त आधी हात जोडायची. बाजूला धाकटीची पिशवी तशीच पडून होती. पहिल्या दिवशी दांडी होती तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी बरकतचं पारडं वर गेलं. कमी झालं होतं.  बायको उठून चुलीपाशी गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली, ती स्वच्छच होती.

रविवार आला. नात आली, धावत आत गेली, पिशवी हातात घेतली आणि थांबली. "आबा, ही लहान कशी झाली?"

मी खाली बसलो. "माझ्याकडून वजन चुकलं, माय. ती वाढली नव्हती. आता आम्ही भरवतोय."

"म्हणजे ती मरणार?"

"म्हाईत नाय."

तिनं बरकतला छातीशी धरलं. रडली नाही. "तुम्ही तर म्हणाला होता तुमचा काटा कधी चुकत नाही," एवढंच म्हणाली. ती परत जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जाताना मात्र आजीच्या कानात काहीतरी सांगून गेली. नंतर कळलं, तिनं सांगितलं होतं की सिरिंज आबांना देऊ नका, तुम्हीच द्या.

ते मला लागलं. पण दिलेला शब्द होता. मी सिरिंज भरत राहिलो.

एका सकाळी दांडी सोडली आणि बरकतचं पारडं खाली गेलं. मी तिला उतरवलं, डबा पुसला, परत ठेवलं. परत खाली गेलं. मी दहा ग्रॅमचं वजन समोर टाकलं तरी दांडी बरकतकडंच कलली होती. बायकोनं तोंडाला पदर लावला. चाची दारात होती, ती आज भावाचं काही बोलली नाही. तांब्या खाली ठेवून आत आली, वाकली आणि म्हणाली, "खा बच्चे, खा." आणि शेळीसाठी आणलेल्या पाल्यातली कोवळी डहाळी काढून पिंजऱ्यात टाकली. त्या दिवसानंतर रोज टाकायची.

त्यानंतर बरकत थांबली नाही. सिरिंज दिसली की स्वतः पुढं यायची, दोन्ही पायांवर उभी राहून ती चावायची. मोठ्यांना ढकलायला शिकली. बाई म्हणाल्या, "आता हिला काही होत नाही. पण वजन सोडू नका, आठवड्यातून एकदा तरी."

त्या रविवारी बायकोनं सकाळीच गुळाची ढेप काढली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नवस व्हता. वाचली तर हिच्या वजनाचा गूळ वाटीन म्हणलं व्हतं देवीला."

नात आली होती, मुलगा-सून आले होते, चाची आली होती. मी तागडी टांगली. एका डब्यात बरकत, दुसऱ्यात गूळ. बायको गूळ फोडून खडे टाकत होती आणि मी दांडी धरून होतो. बरकत मांजराच्या पिलाएवढीसुद्धा नव्हती, त्यामुळं गूळही केवढा लागणार. तरी बायकोनं आणखी एक खडा टाकला, गुळाचं पारडं खाली गेलं.

"काढ," मी म्हणालो. "दांडी सरळ पायजे."

"देवीचं हाय, जरा नमतं द्या की."

"मी नमतं दिलं नाय कधी. देवीला पण नाय."

"आबा," सून हसत म्हणाली, "आता तरी!"

मी खडा काढला. तेवढ्यात बरकतनं डब्यात पाणी सोडलं. सगळे हसले, नात तर जमिनीवर लोळली. मी डबा पुसून परत तोललं. थोडा गूळ आणखी कमी करावा लागला. पारडी एका रेषेत आली तेव्हा मी पुकारलं, "बरकत!"

चाचीनं वाटणीचा चिमूटभर गूळ तोंडात टाकला आणि डोळा बारीक केला. "क्या जी आबा, इस बार तो काटा बराबर है ना?"

मी दांडीकडं पाहत उभा राहिलो. 

बायको गूळ वाटता वाटता म्हणाली, "बराबर हाय. तवाबी बराबरच व्हता."

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती, नातीच्या हातावर गूळ ठेवत होती.

"गहू माझे किडले व्हते," ती चाचीला म्हणाली. "ओटीच्या गव्हाला हळद असती. हे दवाखान्यातून आले आणि पिशवीत पांढरेफेक गहू. मला वळखू येत नाय व्हय? त्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलली का नाय?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"तुम्ही काटा चुकला म्हणले. उभ्या जन्मात पयल्यांदा म्हणले. म्हणलं, ऐकून तरी घ्यावं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि पिलू जगतंय का नाय, ते कळंपतूर मला तुमच्यामागं लपायचं व्हतं."

चाची गूळ चघळायची थांबली. नात माझ्याजवळ आली, माझ्या हातातून दांडी काढून घ्यायला लागली, कारण मी ती अजून धरूनच उभा होतो. "सोडा ना आबा," ती म्हणाली. "तिला उतरायचंय."

मी तागडी खिळ्यावरून काढून पारडं हळूच जमिनीला टेकवलं. बरकत डब्यातून बाहेर आली, थेट आजीच्या पायाकडं गेली आणि लुगड्याचा काठ चावायला लागली.